‘माझंच काहीतरी चुकत असेल, ताई...’

हे वाक्य मी आजवर किती बायकांच्या तोंडून ऐकलं असेल, त्याची गणती नाही. आमच्या तालुक्याच्या गावात महिला मंडळाच्या खोलीत आम्ही चौघीजणी आठवड्यातून दोन दिवस दुपारच्या बसतो. येणारी बाई आधी इकडचं तिकडचं बोलते. मुलांची शाळा, पाण्याची वेळ, सासूचं दुखणं. मग पदराचं नाहीतर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागते, आणि आम्हाला कळतं की आता ते वाक्य येणार. ‘‘तसे ते वाईट नाहीत हो. माझंच काहीतरी चुकत असेल.’’

येणाऱ्यांत शेतमजुरी करणारी असते, डी.एड. झालेली असते, स्वतःचं ब्यूटी पार्लर चालवणारीही असते. कुणाच्या हातावर वळ असतात, कुणाच्या अंगावर बोट लागल्याची खूणही नसते. शब्द मात्र थोड्याफार फरकानं तेच.

कौटुंबिक हिंसाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सुजलेला डोळा येतो, रॉकेलचा डबा येतो, वर्तमानपत्रातली बातमी येते. ते सगळं आहेच, आणि भयंकर आहे. पण मैत्रिणींनो, आज मला लिहायचंय ते न दिसणाऱ्या नुकसानाबद्दल. सतत अपमान, संशय आणि धाक यांत जगताना बाईच्या आतल्या ‘मी’चं काय होतं, याबद्दल. कारण आमचा अनुभव असा आहे की हाडाला प्लास्टर घातलं की ते काही आठवड्यांत जुळतं. पण ‘मला जे वाटतं ते खरं आहे’ हा विश्वास एकदा मोडला की तो जुळायला वर्षं जातात.

एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ही मुलगी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं मिळवणारी. बी.ए. झाली. स्थळ चांगलं आलं. मुलगा नोकरीत कायम, निर्व्यसनी, दिसायला रुबाबदार. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तो म्हणाला, ‘‘हा पिवळा रंग तुला खुलत नाही.’’ तिला बरंच वाटलं, नवरा इतकं लक्ष देतो म्हणून! तिनं पिवळ्या साड्या बहिणीला देऊन टाकल्या. मग तो म्हणाला, ‘‘किती मोठ्यानं हसतेस! चारचौघांत लाज वाटते मला.’’ ती तोंडावर हात ठेवून हसायला शिकली. मग ‘‘उन्हात कशाला बाजारात जातेस, मी आणतो भाजी.’’ शेजारणी म्हणाल्या, नशीबवान आहेस बाई!

सुरुवात ही अशी असते. बहुतेक वेळा मारापासून होतच नाही. काळजीपासून होते, आणि काळजी कुठे संपली अन् ताबा कुठे सुरू झाला ती रेघ दिसत नाही. म्हणून तर ‘तुला आधीच कसं कळलं नाही?’ हा प्रश्न मला अगदी निर्दयी वाटतो. कळणार कसं? आपल्याकडे मुलींना लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं की नवऱ्यानं लक्ष ठेवणं म्हणजे प्रेम. सिनेमातला हिरो तर नायिकेचा पाठलागच करतो.

पुढे आमटी पातळ झाली की ‘‘आमच्या ताईकडून शिकून घे.’’ पाहुण्यांसमोर, ‘‘हिला यातलं काही कळत नाही, हिला विचारू नका,’’ आणि वर हसणं. सगळे हसले म्हणून तीही हसली. (अशा हसण्यात आपणही कधीतरी सामील झालेलो असतो. एखाद्या घरी जेवायला गेल्यावर यजमान बायकोची थट्टा करतात, आणि आपण त्यांना बरं वाटावं म्हणून दात काढतो.) मग हिशोबाची वही आली. कोथिंबिरीच्या जुडीपासून सगळं लिहायचं, आणि पाच रुपयांचा मेळ बसला नाही तर तासभर उलटतपासणी. मग ‘तुझी आई तुझे कान भरते’ म्हणून माहेरचा फोन त्याच्यासमोर, स्पीकरवर. तो ऑफिसात असताना व्हिडिओ कॉल करून घरातच आहेस ना, हे दाखवायचं. दहा वर्षांत हात असा त्यानं एकदाच लावला. तोही ती कसा सांगत होती पाहा: ‘‘मारलं नाही हो ताई, ढकललं फक्त.’’

एकदा तो चार दिवस बाहेरगावी गेला. घरात भाजी नव्हती म्हणून ती बाजारात गेली. भाजीवालीपुढे उभी राहिली आणि तिला ठरवताच येईना. गवार घ्यावी की भेंडी? भेंडी त्याला चिकट वाटते. गवार त्याच्या आईला आवडत नाही. पण ते दोघंही घरी नव्हते! भाजीवाली म्हणतेय, ‘‘बोला वहिनी, काय देऊ?’’ आणि हिला स्वतःला काय आवडतं तेच आठवेना. पाव तास उभी राहून ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली. ‘‘त्या दिवशी मला भीती वाटली ताई,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांची नाही. माझीच.’’

ही बाई आमच्याकडे आली ती या रिकाम्या पिशवीमुळे. ढकलल्यामुळे नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपण बाहेरून जखमा मोजतो. तिच्या लेखी सगळ्यात मोठी जखम ही होती की नवरा घरात नसतानाही तिच्या डोक्यात तोच बोलत होता. आरशात पाहिलं तर त्याच्या डोळ्यांनी, स्वयंपाक चाखला तर त्याच्या जिभेनं. ‘हे त्यांना चालेल का?’ या एका प्रश्नानं बाकीचे सगळे प्रश्न खाऊन टाकले होते. तुम्ही म्हणाल, संसारात एकमेकांची आवड बघावीच लागते. बघावी की. पण त्यात दुसऱ्याच्या जिभेला काय रुचतं हे पाहताना आपलीही जीभ शाबूत असते. आणि निवड चुकली तर शिक्षा होईल, ही धास्ती नसते.

हे असं होतं कसं? शिकलेली, चुणचुणीत मुलगी अशी विरघळून कशी जाते?

एक तर तिला तिच्याच आठवणीवर संशय घ्यायला लावलं जातं. काल जे बोलला ते आज साफ नाकारायचं. ‘‘मी असं म्हणालोच नव्हतो. तुला भास होतात. तुझं डोकं तपासून घे.’’ आणि हे इतक्या ठामपणे, की तिला वाटायला लागतं, खरंच आपण चुकीचं ऐकलं असेल. याला हल्ली ‘गॅसलायटिंग’ म्हणतात. १९३८ साली इंग्लंडमध्ये पॅट्रिक हॅमिल्टननं ‘गॅस लाइट’ नावाचं नाटक लिहिलं. त्यात नवरा वरच्या मजल्यावर दिवा लावतो की खाली घरातल्या गॅसच्या बत्त्या मंदावतात. हे बायकोला दिसतं, पण तिला वेड लागत चाललंय असं तिच्या मनावर ठसवण्याचा त्याचा उद्योग चालू असतो. १९४४ साली त्यावर निघालेल्या सिनेमासाठी इनग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. आमच्याकडच्या बायकांना हा शब्द माहीत नसतो. त्या म्हणतात, ‘‘ते असं काही बोलतात ना ताई, की मलाच चक्रावल्यासारखं होतं.’’ मला त्यांचाच शब्द जास्त नेमका वाटतो.

दुसरं म्हणजे गोडवा. हा भाग बाहेरच्यांना कधी समजत नाही. तो चोवीस तास राक्षस असता तर बाई केव्हाच उठून निघाली असती. पण भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तो गजरा आणतो, मुलांना बागेत नेतो, ‘‘तुझ्याशिवाय मला कोण आहे?’’ म्हणून रडतोसुद्धा. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मारहाण सोसलेल्या अनेक स्त्रियांशी बोलून १९७९ साली याचं एक चक्र मांडलं. आधी ताण साचत जातो, मग स्फोट होतो, मग मनधरणी, आणि पुन्हा ताण. प्रत्येक घरात ते तसंच फिरतं असं नाही. काही घरांत मनधरणी कधी येतच नाही, नुसता पुढच्या स्फोटापर्यंतचा शुकशुकाट असतो. पण जिथे ते फिरतं, तिथे बाई त्या चार गोड दिवसांसाठी जगायला लागते. हाच खरा नवरा, तो चिडणारा कुणी वेगळा, असं स्वतःला समजावते. आणि त्याला चिडू न देणं हे तिचं काम होऊन बसतं. म्हणजे तो चिडला की चूक कुणाची? तिची! तिच्या कामात ती कमी पडली! ‘माझंच चुकत असेल’ हे वाक्य इथे तयार होतं.

मला तर कधीकधी वाटतं, या वाक्यात एक वेडी आशाही लपलेली असते. चूक माझी असेल तर ती सुधारणं माझ्या हातात आहे. मी अजून चांगली वागले तर सगळं ठीक होईल. चूक त्याची आहे असं मान्य केलं, तर मग आपल्या हातात काहीच नाही, हे फार भीतिदायक असतं.

जे तोंडातून बाहेर येत नाही ते शरीर बोलतं. डोकं दुखतं, पित्त होतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, हातापायांत त्राण नाही. अशा बायका दवाखान्यात जातात, ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक घेऊन येतात, एखादी सलाईन लावून घेते. डॉक्टरही गर्दीत फारसं विचारत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात जोडीदाराकडून हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना नैराश्य येण्याचं प्रमाण इतर स्त्रियांच्या जवळपास दुप्पट आढळलं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संस्थेनं महापालिकेबरोबर ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, त्याला आता दोन दशकं उलटून गेली. कल्पना साधी होती. पोलिसांत न जाणारी बाई दवाखान्यात तर येतेच, मग तिथेच तिला कुणीतरी विचारावं, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ आपल्या लहान गावांतल्या किती दवाखान्यांत हा प्रश्न विचारला जातो, ते तुम्हीच आठवून पाहा.

आता थोडे आकडे, कारण ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ म्हणणारे फार असतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हे सांगणाऱ्यांचं प्रमाण. न सांगणाऱ्या वेगळ्या. आणि कुणाकडूनही अशी हिंसा सोसलेल्या बायकांमध्ये ७७ टक्के जणींनी ना कुणाकडे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. आपल्याकडे याला मोठं गोंडस नाव आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण त्या पाहणीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. बायकोनं स्वयंपाक नीट केला नाही, न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, सासरच्यांचा मान ठेवला नाही अशी सात कारणं विचारली होती. यांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे, असं ४५ टक्के स्त्रियांनी सांगितलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४४ टक्के होतं. म्हणजे नवऱ्याचा हात उठायच्या कितीतरी आधी आपण आपल्या मुलींच्या मनात ‘तुझी चूक असेल तर’ हे पेरून ठेवलेलं असतं. नवऱ्यानं मारलं, पावसानं झोडपलं, तक्रार कुणाकडे करायची, असं म्हणत म्हणत आपण नवऱ्याला थेट पावसाच्याच रांगेत नेऊन बसवलं. पावसाला कुणी जाब विचारतं का?

‘बाई कमावती असली की असं होत नाही’ हाही एक आवडता समज. कमाईनं बळ येतं, यात शंका नाही. पण कमाई कुणाच्या हातात जाते, हे पाहावं लागतं. हंसा वाडकर हे मराठी पडद्यावरचं केवढं मोठं नाव! ‘रामजोशी’, ‘सांगत्ये ऐका’ आपल्या आई-आजींनी डोक्यावर घेतले. १९७० साली आलेल्या त्यांच्या आत्मकथनाचंही नाव ‘सांगत्ये ऐका’च आहे. १९७७ चा श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ त्यावरच बेतलेला. त्यात स्मिता पाटीलनं जी बाई उभी केली, तिच्या कमाईवर घर चालतं, तिचं नाव पोस्टरवर झळकतं, आणि घरी मात्र ती संशयाच्या पहाऱ्यात जगते. आमच्याकडे येणाऱ्या शिक्षिका, नर्स, बँकेतल्या कारकून मुली वेगळं काय सांगतात? एटीएम कार्ड नवऱ्याकडे, पगार झाल्याचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर. एकीला तर स्वतःचा पगार नेमका किती आहे ते सांगता येईना.

आमच्या कामात मला सगळ्यात जास्त दिलासा कशानं मिळतो, सांगू? एका सरकारी फॉर्मनं. हसू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्यात हिंसेची व्याख्या शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशी चार अंगांनी केलेली आहे. संरक्षण अधिकारी बाईची तक्रार ज्या अहवालात लिहून घेतात, त्याच्या नमुन्यातच बारीकसारीक गोष्टी छापलेल्या आहेत. चारित्र्यावर शिंतोडे उडवणं, हुंडा आणला नाही म्हणून अपमान, मुलगा झाला नाही म्हणून अपमान, टिंगल करणं, नावं ठेवणं, नोकरी करू न देणं, घराबाहेर पडू न देणं, कुणा ठरावीक माणसाला भेटू न देणं, आत्महत्येच्या धमक्या देणं. पुढे घरखर्चाला पैसे न देणं, तिची कमाई काढून घेणं, स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं.

हा कागद आम्ही बाईबरोबर सावकाश वाचतो. घाई करत नाही. चौथ्या-पाचव्या ओळीला बाई मान वर करते. एकजण म्हणाली, ‘‘हे सगळं इथं कुणी लिहिलं? आमच्या घरातलं यांना कसं कळलं?’’ दुसरी काहीच बोलली नाही, नुसतं बोट ठेवत गेली. हे, हे, हे पण. जे तिला आजवर आपल्या नशिबाचा नाहीतर आपल्या स्वभावाचा दोष वाटत होतं, त्याला कायद्यात नाव आहे आणि ते नाव ‘हिंसा’ असं आहे, हे कळल्यावर बाईच्या बसण्यात फरक पडतो. मी हे अनेकदा पाहिलंय. त्यातल्या बऱ्याच जणी पुढे अर्ज करतही नाहीत. पण ‘माझंच चुकत असेल’ हे वाक्य त्यानंतर तितक्या सहज येत नाही.

कायद्यातलं अजून थोडं. तक्रार केली म्हणजे घटस्फोट घ्यावाच लागतो, असं मुळीच नाही. त्रास थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा आदेश, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा, मनस्तापाची भरपाई हे सगळं संसार न मोडताही मागता येतं. घर आपल्या नावावर नसलं तरी जिथे नांदत होतो त्या घरात राहण्याचा हक्क आहे. ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरीही हा हक्क सांगता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. न्यायालयाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि आपण ज्याला ‘चारशे अठ्ठ्याण्णव अ’ म्हणत आलो, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आलंय. छळात मानसिक छळ तिथेही धरलेला आहे. कागदावर हे सगळं ठणठणीत आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, संरक्षण अधिकाऱ्यांकडे कामाचा डोंगर असतो, बाईला एस.टी.नं खेटे घालावे लागतात. ते लपवून उपयोग नाही.

आता मैत्रिणींनो, जरा आपल्याकडे पाहू. आपली बहीण, जाऊ, शेजारीण, लेक यांच्यापैकी कुणी असं काही सांगायला आली तर आपण काय बोलतो? ‘भांड्याला भांडं लागायचंच.’ ‘तूच थोडं समजून घे.’ ‘पोरांकडे बघ.’ आणि आई असेल तर, ‘आम्ही समाजात काय तोंड दाखवायचं?’ दुसऱ्या टोकाच्या, थोड्या पुढारलेल्या बायका म्हणतात, ‘मी असते ना, तर एक दिवस राहिले नसते! सोडून का देत नाहीस?’ हे ऐकायला शूर वाटतं. पण नवरा तिला रोज सांगत असतो की तुला काही कळत नाही, तुला निर्णय घेता येत नाही. आता मैत्रीणही तेच सांगते, जरा वेगळ्या शब्दांत! शिवाय बाई घर सोडते किंवा सोडणार म्हणते, तोच काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. ताबा सुटतोय म्हटल्यावर माणूस जास्त पिसाळतो. म्हणून निघायचंच असेल तर तयारीनं निघावं. आधारकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, औषधं, थोडे पैसे एखाद्या विश्वासातल्या घरी आधीच ठेवावेत. आपल्या मोबाइलवर कुणाची नजर आहे का, तेही पाहावं.

ऐकणारीनं काय करावं? आधी ऐकावं. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ हे तोंडानं म्हणावं, मनात ठेवू नये. आणि मग विचारावं, ‘‘तुला काय वाटतं?’’ हा प्रश्न त्या बाईला कित्येक वर्षांत कुणी विचारलेला नसतो. पहिल्यांदा उत्तर येतच नाही. ‘‘मला काय वाटायचं?’’ म्हणून ती हसून सोडून देते. तरी थांबावं. पुढच्या वेळी पुन्हा विचारावं. तिचं उत्तर आपल्याला पटलं नाही, तिला परत नांदायला जायचं असलं, तरी दार लावून घेऊ नये. परत गेलेल्या बाईवर घरचे, कार्यकर्त्यासुद्धा इतक्या चिडतात, की पुढच्या खेपेला ती यायलाच लाजते.

हरवलेलं माणूस परत येताना एकदम येत नाही. आमच्याकडची एकजण रोज वहीत दोन ओळी लिहायची. आज काय झालं आणि कोण काय बोललं, एवढंच. दोन महिन्यांनी नवरा ‘‘मी असं म्हणालोच नव्हतो’’ म्हणाला, तेव्हा तिनं भांडण केलं नाही. आत जाऊन वही उघडून पाहिली. तारखेसकट लिहिलेलं होतं. ‘‘मी वेडी नाही,’’ तिनं आम्हाला येऊन सांगितलं, आणि किती आनंदानं! (वही सुरक्षित जागी ठेवा, एवढं मात्र पाहा. हिनं ती शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये चिंध्यांखाली ठेवली होती.) दुसरी एक बचत गटात महिन्याला शंभर रुपये टाकायला लागली. रक्कम कसली ती! पण सहीच्या रकान्यात तिचं नाव दर महिन्याला येत होतं. पिशवी रिकामी आणणारी आमची ती वक्तृत्वपटू अजून त्याच घरात आहे. नवऱ्याला दोनदा समोर बसवून बोललो, थोडा फरक पडला, थोडा नाही. ती आता शिकवण्या घेते, आणि ते पैसे तिच्या खात्यावर असतात. माहेरचा फोन अंगणात जाऊन घेते. पुढचं ती ठरवेल.

शेवटी कामाचं. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, जिवावर बेतलं असेल तर ११२. केंद्र सरकारची ‘सखी’ केंद्रं २०१५ पासून सुरू झाली. तिथे तात्पुरता निवारा, औषधोपचार, पोलिसांची आणि वकिलाची मदत एका जागी मिळावी, अशी सोय आहे. पोलिसांच्या आवारात महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष असतात. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबईत पहिला सुरू केला, पुढे राज्यात ठिकठिकाणी झाले. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे फार कमी जणींना माहीत असतं.

आणि एकटीनं यायची हिंमत होत नसेल तर सोबतीला कुणाला तरी आणा. आमच्याकडे पहिल्या खेपेला बऱ्याच जणी मैत्रिणीला घेऊन येतात आणि दारातूनच सांगतात, ‘‘काम हिचं आहे हो, मी नुसती सोबत आलेय.’’ मैत्रीण बिचारी मान हलवते आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसते. आम्ही काही विचारत नाही. पाण्याचा तांब्या पुढे सरकवतो.